रोग म्हणजे काय? शरीराच्या स्वनियमनाच्या संदर्भात विकृतिप्रक्रियांची व्याख्या

गोषवारा

रोग ही शरीराबाहेरून येऊन आत शिरणारी एखादी वस्तू आहे, अशी समजूत सर्वसाधारणपणे आढळते. प्रस्तुत लेखात रोगाकडे वस्तू म्हणून न पाहता प्रक्रिया म्हणून पाहिले आहे आणि या प्रक्रियेचे शरीराच्या प्राकृत स्वनियमनाशी नेमके कोणते नाते असते, याचा विचार केला आहे. ताप, उष्माघात, विंचूदंश व मधुमेह ही चार उदाहरणे घेऊन असे मांडले आहे की, स्वनियमन आणि विकृती यांच्यातील नाते एकाच प्रकारचे नसून किमान चार प्रकारचे असते. कोणता प्रकार आहे हे ओळखण्यात चूक झाली, तर उपचारही चुकतो. उदाहरणे शक्यतो महाराष्ट्रातील, त्यातही मराठवाड्याला परिचित असलेली घेतली आहेत.

बीजसंज्ञा : समस्थिती, स्वनियमन, विकृती, ताप, उष्माघात, विंचूदंश, मधुमेह

१. प्रस्तावना

मराठीत आपण 'प्रकृती' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. एक अर्थ निसर्ग किंवा मूळ स्वभाव. दुसरा अर्थ आरोग्य. 'प्रकृती कशी आहे?' असे विचारताना विचारणाऱ्याच्या मनात नकळत एक सिद्धान्त दडलेला असतो. शरीराची एक मूळ स्थिती आहे, ती टिकून आहे की ढळली आहे, एवढेच तो विचारत असतो. 'विकृती' हा शब्द त्याच जोडीतला. मूळ स्थितीपासून झालेला पालट म्हणजे विकृती. पॅथॉलॉजी या शास्त्राला मराठीत 'विकृतिविज्ञान' हे नाव मिळाले, ते या दृष्टीने अतिशय समर्पक होय.

परंतु या शब्दांतच एक अडचण आहे. 'मूळ स्थिती ढळणे' म्हणजे रोग, असे मानले तर धावत सुटलेल्या मुलाच्या नाडीचे ठोके दुप्पट झाले यालाही रोग म्हणावे लागेल. उलट, रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेलाच आहे आणि त्यात काही चढउतार नाही, तर तो 'स्थिर' आहे म्हणून निरोगी ठरेल. दोन्ही निष्कर्ष उघडच चुकीचे आहेत. तेव्हा रोगाची व्याख्या केवळ 'बदल' या शब्दावर उभी करता येत नाही. बदल कोणी घडवला, कशासाठी घडवला आणि तो परत फिरू शकतो की नाही, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय विकृती कशाला म्हणावे हे ठरत नाही.

हा प्रश्न केवळ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा नाही. परतूर तालुक्यातील वाटूर आणि आसपासच्या गावांतून आपल्या महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी हा बहुधा शेतकरी किंवा शेतमजूर कुटुंबातला असतो. त्याच्या घरात 'ऊन लागले', 'अंगात कसर आहे', 'साखर निघाली', 'पिशवी काढली' हे शब्द रोज ऐकू येतात. त्या प्रत्येक शब्दामागे रोगाची एक व्याख्या आहे, आणि तिच्या बरेवाईटपणावर घरातील माणसाचे भवितव्य अवलंबून असते. म्हणून या विषयाचा विचार सर्व विद्याशाखांच्या प्राध्यापकांनी करणे अगत्याचे आहे, असे वाटते.

२. स्वनियमन : संकल्पनेचा अल्प परिचय

फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'आंतरिक पर्यावरण' ही कल्पना मांडली. प्राणी बाहेरच्या हवेत राहतो हे खरे. पण त्याच्या पेशी हवेत राहत नाहीत, त्या रक्तात आणि ऊतींमधील द्रवात राहतात. हे आतले पर्यावरण स्थिर राहिले तरच प्राण्याला बाहेरच्या पर्यावरणात मोकळेपणाने वावरता येते. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२० च्या दशकात या स्थिरतेला 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिले आणि १९३२ मध्ये त्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मराठीत या संज्ञेसाठी 'समस्थिती' हा शब्द रूढ आहे.

समस्थिती म्हणजे स्तब्धता नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. डोंबारी दोरीवर उभा असतो तेव्हा तो स्थिर दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या हातातील काठी क्षणाक्षणाला डावीउजवीकडे झुकत असते. शरीराचेही तसेच आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते. म्हणजे सबंध रक्तात मिळून एका वेळी जेमतेम एक चहाचा चमचा साखर! आपण एका कप चहात त्याहून अधिक साखर घालतो. तरीही चहा प्यायल्यावर निरोगी माणसाच्या रक्तातील साखर थोडी वाढून पुन्हा जागेवर येते, कारण स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते आणि यकृत, स्नायू व मेद ही साखर आपल्याकडे घेतात. उपवासाच्या दिवशी याच्या उलट घडते. ग्लुकागॉनच्या प्रभावाने यकृत आपल्या साठ्यातील साखर बाहेर काढते.

प्रत्येक नियमनात सामान्यतः तीन भाग असतात : मोजणारा, तुलना करणारा आणि दुरुस्ती करणारा. शरीराच्या तापमानाचे उदाहरण घेतल्यास त्वचेतील व मेंदूतील संवेदक मोजतात, मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग ठरलेल्या मूल्याशी तुलना करतो आणि घामाच्या ग्रंथी, त्वचेतील रक्तवाहिन्या व स्नायू दुरुस्ती करतात. दुरुस्ती नेहमी बदलाच्या उलट दिशेने होते. या तीन भागांपैकी कोणत्या भागात बिघाड झाला, किंवा मुळात बिघाड झालाच आहे का, हे पाहणे हाच विकृतीच्या व्याख्येचा पाया होय.

आपल्या परंपरेलाही हा विचार अपरिचित नाही. वाग्भटाने दोषांच्या साम्याला आरोग्य आणि त्यांच्या वैषम्याला रोग मानले आहे. आयुर्वेदातील दोष आणि आधुनिक शरीरक्रियाशास्त्रातील संप्रेरके एकच आहेत, असे म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या टिकणारे नाही. परंतु रोग हा समतोलाच्या संदर्भातच समजून घ्यावा लागतो, ही दृष्टी दोन्हीकडे आहे, एवढे निश्चित.

३. विकृती आणि स्वनियमन : नात्याचे चार प्रकार

३.१ नियमन शाबूत, मूल्य बदललेले : ताप

ताप आला म्हणजे शरीराचे तापमान-नियमन बिघडले, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जंतुसंसर्ग झाल्यावर पांढऱ्या रक्तपेशींतून काही प्रथिने रक्तात सोडली जातात. त्यांच्या प्रभावाने मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि हायपोथॅलॅमसमधील ठरलेले मूल्य ३७ अंशांवरून, उदाहरणार्थ, ३९ अंशांवर जाते. आता ३७ अंश तापमानाचे शरीर हायपोथॅलॅमसला 'थंड' वाटते. म्हणून त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते, रुग्ण गोधडी मागतो. हे सारे बिघाडाचे लक्षण नसून नव्या मूल्यापर्यंत पोहोचण्यासाठी नियमनाने केलेले शिस्तबद्ध काम आहे. संसर्ग ओसरला की मूल्य पुन्हा खाली येते, दरदरून घाम फुटतो आणि 'ताप उतरला' असे आपण म्हणतो.

या बदलाचा उपयोग असतो काय? मॅथ्यू क्लुगर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला वाळवंटी सरड्यांवरील प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. सरडा थंड रक्ताचा प्राणी. त्याला आतून ताप आणता येत नाही. परंतु जंतुसंसर्ग झालेले सरडे अधिक उष्ण जागा निवडून आपले तापमान वाढवतात, असे दिसून आले होते. ज्या सरड्यांना कमी तापमानात ठेवण्यात आले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. यावरून ताप ही रोगाची खूण असली तरी ती स्वतः रोग नव्हे, ती प्रतिकाराची एक पद्धत आहे, असे म्हणता येते. अर्थात प्रतिकारालाही किंमत असते. लहान मुले, वृद्ध आणि हृदयरोगी यांना ती न परवडणारी असू शकते; म्हणून ताप उतरवण्याचे औषध अनेकदा योग्यच असते.

३.२ नियमन कोलमडलेले : उष्माघात

तापमापकावरील आकडा तोच, परंतु प्रक्रिया पूर्णतः भिन्न, असे दुसरे उदाहरण उष्माघाताचे आहे. येथे हायपोथॅलॅमसमधील मूल्य ३७ अंशांवरच असते. शरीराला थंड व्हायचे असते, पण होता येत नाही. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. ही व्यवस्था अत्यंत प्रभावी आहे. मात्र तिला पाणी, मीठ, वारा आणि विसावा लागतो. पाणी संपले, हवा दमट झाली किंवा वृद्धापकाळामुळे घामाचा प्रतिसादच मंदावला, की आतली उष्णता साठत जाते. तापमान ४० अंशांच्या वर जाते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, बेशुद्ध होतो. पुढे स्नायू, मूत्रपिंड आणि यकृत यांना इजा पोहोचते.

या दोन प्रकारांतील फरक हा केवळ पुस्तकी नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरातील एक अनुभव येथे नोंदवणे अप्रस्तुत ठरणार नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी शेतातून परतलेले चुलते अंगणात कोसळले. अंग चटके बसावे इतके तापलेले, त्वचा कोरडी, बोलणे भरकटलेले. जवळच्या एका दवाखान्यात कपाळाला हात लावून 'ताप डोक्यात गेला' असे निदान झाले. तापाची गोळी देण्यात आली आणि पांघरूण घालून झोपवण्यास सांगण्यात आले. घरी आल्यावर आजीने मात्र पांघरूण काढून टाकले, लुगडे भिजवून त्यांच्या अंगावर टाकले आणि आम्हा मुलांना सुपाने वारा घालायला बसवले. संध्याकाळपर्यंत त्यांना जालन्याला हलवण्यात आले. ते वाचले, परंतु पूर्ववत कामाला लागण्यास त्यांना पुढचा पोळा उजाडला.

तापाच्या गोळीने उष्माघातात उपयोग का होत नाही, याचे उत्तर वरील विवेचनात आहे. पॅरासिटॅमॉल प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती कमी करून वर गेलेले मूल्य खाली आणते. उष्माघातात मूल्य वर गेलेलेच नसते. मग औषध खाली काय आणणार? तेथे शरीर बाहेरून थंड करणे, तेही विलंब न लावता, हाच उपचार असतो. शाळा न शिकलेल्या आजीने प्रक्रिया ओळखली होती. दवाखान्यात केवळ आकडा ओळखला गेला.

येथे अनुकूलनाचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. उन्हात काम करण्याची सवय नसलेला माणूस आठवडा-दोन आठवडे हळूहळू सराव करत गेला, तर त्याला घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि घामातील मिठाचे प्रमाण घटते. म्हणजे नियमन स्वतःला बदलत्या परिस्थितीनुसार घडवते. तथापि या क्षमतेला सीमा आहे; 'मजुराला उन्हाची सवय असते' हे वाक्य त्या सीमेपर्यंतच खरे असते.

३.३ नियमनाचा अतिरेक : विंचूदंश

तिसऱ्या प्रकारात नियमन शाबूतही नसते आणि कोलमडलेलेही नसते. ते अनावर झालेले असते. याचे जगाने मान्य केलेले उदाहरण महाराष्ट्राने दिले आहे, आणि ते देणारे संशोधक आपल्या जालना जिल्ह्यातील आहेत, ही समाधानाची बाब होय. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ मध्ये भोकरदन तालुक्यातील देहेड या गावी झाला. वैद्यकीय शिक्षण पूर्ण केल्यावर १९७६ मध्ये ते कोकणातील महाड परिसरात बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने, विशेषतः लहान मुले, मोठ्या संख्येने दगावत असत.

विंचूदंशाचा मृत्यू हा विषाने हृदय निकामी केल्यामुळे होतो, अशी तेव्हाची एक प्रमुख धारणा होती. ही धारणा म्हणजे रोगाची एक व्याख्याच होती : शत्रू बाहेरचा, इजा थेट. तदनुसार स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिन यांसारखी औषधे दिली जात. रुग्ण मात्र वाचत नसत. डॉ. बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला. प्रथम उलटी, लाळ आणि भरपूर घाम. (विंचू चावल्यावर अंगाला येणाऱ्या घामाची नोंद एकनाथांच्या भारुडातही आहे, हे येथे सहज आठवते.) त्यानंतर हातपाय थंडगार पडणे, नाडी जलद होणे, रक्तदाब वाढणे, शेवटी फुप्फुसांत पाणी साठून श्वास कोंडणे. या निरीक्षणांवरील त्यांचे टिपण १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या क्रमाचा अर्थ काय? लाल विंचवाचे विष मज्जापेशींवरील सोडियमच्या मार्गिका वेळेवर बंद होऊ देत नाही. परिणामी मज्जातंतू थांबण्याऐवजी पुनःपुन्हा संदेश सोडत राहतात. अनुकंपी मज्जासंस्था आणि अधिवृक्क ग्रंथी यांतून अ‍ॅड्रेनलिन व नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचा लोंढा रक्तात उतरतो. ही संप्रेरके शरीराची शत्रू नव्हेत. बांधावर साप दिसला की आपण एका क्षणात मागे उडी मारतो, ती त्यांच्याच बळावर. रक्तवाहिन्या आकसणे, हृदय जोराने चालणे हे संकटातील प्राकृत नियमनच आहे. परंतु ते काही मिनिटांसाठी योजलेले आहे. विषामुळे ते तासन् तास चालू राहते. आकसलेल्या रक्तवाहिन्यांच्या विरोधात हृदयाला रक्त लोटावे लागते, ते थकते, आणि मागे तुंबलेल्या रक्तातील द्रव फुप्फुसांत झिरपतो. रुग्ण विषाने मरण्यापेक्षा स्वतःच्याच न थांबणाऱ्या प्रतिसादाने मरतो.

व्याख्या बदलली की उपचार बदलतो. रक्तवाहिन्या आकसवणारा संदेश जेथे पोहोचतो, ती अल्फा ग्राहके अडवणारे प्राझोसिन हे औषध उच्च रक्तदाबासाठी आधीच उपलब्ध होते. त्याच्या गोळ्या स्वस्त होत्या आणि तोंडावाटे देता येत होत्या. हातपाय पुन्हा उबदार होईपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठराविक अंतराने हे औषध देण्याची पद्धत डॉ. बावस्कर यांनी रूढ केली. त्याविषयीचा लेख १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला. गंभीर रुग्णांमधील मृत्यूचे जे प्रमाण पूर्वी ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते या उपचारानंतर १ टक्क्याच्या जवळ आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

या कथेचा उत्तरार्ध सिद्धान्ताच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची ७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. केवळ प्राझोसिन दिलेल्या रुग्णांपेक्षा प्राझोसिनसह प्रतिविष दिलेले रुग्ण अधिक लवकर बरे झाले, असा तिचा निष्कर्ष होता. प्रतिविष कारणावर काम करते, प्राझोसिन प्रक्रियेवर. कारण दूर केले तरी सुरू झालेली प्रक्रिया लगेच थांबत नाही, आणि प्रक्रिया आवरली तरी कारण शिल्लक असते. म्हणून रोगाच्या व्याख्येत कारण व प्रक्रिया या दोहोंना स्थान द्यावे लागते.

ग्रामीण व्यवहाराच्या दृष्टीने एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. दंशाच्या जागी ठणका अतिशय असून बाकी लक्षणे नाहीत, असे रुग्ण बहुधा धोक्याबाहेर असतात. उलट गंभीर रुग्णांत ठणका कमी असू शकतो. 'विंचू उतरला', म्हणजे वेदना थांबली, या समजुतीवर घरचे निर्धास्त होतात आणि त्याच वेळी हातपाय थंड पडत असतात. पाहायचे ते दंशाची जागा नव्हे, तर सबंध शरीराचे नियमन.

३.४ नियमनाची मांडणीच वेगळी : मधुमेह

चौथ्या प्रकारात बिघाड एका दिवसात होत नाही. नियमनाची घडणच आयुष्याच्या आरंभी एका विशिष्ट परिस्थितीसाठी झालेली असते आणि पुढे परिस्थिती पालटते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. या गावांतील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. परंतु तूट सर्वत्र सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, मेद मात्र त्या मानाने राखलेला होता. 'कृश तरीही मेदयुक्त' असे हे बाळ होय.

याच संदर्भात २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखेच. आतले पर्यावरण निराळे.

गर्भावस्थेत पोषण अपुरे असेल तर गर्भ मेंदूला प्राधान्य देतो आणि स्नायू व स्वादुपिंड यांवर काटकसर करतो. ही काटकसर त्या क्षणी शहाणपणाचीच असते. तिने बाळ जगते. पुढे आहार वाढतो, श्रम घटतात, आणि टंचाईसाठी बांधलेल्या नियमनावर सुबत्तेचा भार पडतो. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद क्षीण होतो, स्वादुपिंड काही वर्षे अधिक इन्सुलिन स्रवून तूट भरून काढते आणि अखेर थकते. त्या दिवशी प्रयोगशाळेच्या अहवालात 'साखर निघते'. अहवालाची तारीख ही रोगाच्या आरंभाची तारीख नव्हे. नियमनाने लढा हरल्याची ती तारीख होय. ही हानी दीर्घकालीन ताणातून कशी साचते हे सांगण्यासाठी ब्रूस मॅकइवेन यांनी १९९० च्या दशकात 'अ‍ॅलोस्टॅटिक भार' ही संकल्पना रूढ केली. नियमन टिकवण्यासाठी शरीराला मोजावी लागणारी किंमत, असा तिचा सोपा अर्थ सांगता येईल.

४. 'नेहमीचे' आणि 'प्राकृत' यांतील भेद

येथवरच्या विवेचनात 'प्राकृत' हा शब्द आपण गृहीत धरला. परंतु प्राकृत कोणी ठरवायचे? बहुसंख्यांत जे आढळते ते प्राकृत, असे मानणे सोयीचे असले तरी धोक्याचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. बहुसंख्येच्या कसोटीने येथे रक्तक्षय हीच प्राकृत स्थिती ठरेल! वेचणीच्या हंगामात कापसाच्या रानात काम करणारी स्त्री चक्कर येण्याविषयी 'हे आमचं नेहमीचंच' असे म्हणते, तेव्हा तिने 'नेहमीचे' आणि 'प्राकृत' यांची अशीच गल्लत केलेली असते. फ्रेंच तत्त्वचिंतक व वैद्य जॉर्ज कांगिलेम यांनी १९४३ मधील आपल्या प्रबंधात यावर मार्मिक भाष्य केले आहे. त्यांच्या मते, निरोगी असणे म्हणजे सरासरीत बसणे नव्हे; परिस्थिती बदलल्यास नवा समतोल साधण्याची ऐपत असणे म्हणजे निरोगी असणे. रक्तक्षय झालेली स्त्री रोजची कामे उरकते, परंतु बाळंतपणातील रक्तस्राव सोसण्याची ऐपत तिच्याजवळ उरत नाही. रोग तिच्या आजच्या दिवसात दिसत नाही. तो तिच्या कमी झालेल्या शिलकीत असतो.

याच्या उलट गल्लतही तितकीच घातक ठरते. प्राकृत प्रक्रियेलाच विकृती ठरवले की काय होते, याचे उदाहरण शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवले. २०१९ मध्ये शासनाच्या समितीसाठी झालेल्या सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. मासिक पाळी हे हायपोथॅलॅमस, पोषग्रंथी आणि बीजांडकोश यांच्यातील एक अतिशय सुंदर स्वनियमन आहे. उचल घेतलेल्या कोयत्याचा खाडा परवडत नाही, फडावर पाणी व आडोसा नाही, म्हणून ही प्रक्रिया 'अडचण' ठरते. अंगावर पांढरे जाणे, पोटात दुखणे यांसारख्या, पुष्कळदा औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारींवर 'पिशवी काढणे' हा उपाय सांगितला जातो. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही गेले तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. येथे विकृती शरीरात नव्हती. ती कामाच्या अटींत होती. दुरुस्ती मात्र शरीराची करण्यात आली. आपल्या जिल्ह्यातूनही दरवर्षी टोळ्या ऊसतोडीला जातात, हे ध्यानात घेता हा विषय आपल्यापासून दूरचा नाही.

५. व्याख्येच्या मर्यादा

स्वनियमनाच्या आधारे केलेली व्याख्या सर्वव्यापी आहे, असा दावा करता येणार नाही. पहिली मर्यादा अशी की, अस्थिभंगासारखी इजा ही नियमनातील बिघाडातून उद्भवत नाही. नियमन तेथे नंतर, हाड जुळवण्यासाठी येते. दुसरी मर्यादा सीमारेषेची. रक्तदाबाची विकृत मर्यादा अनेक वर्षे १४०/९० मानली जात होती. २०१७ मध्ये अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी ती १३०/८० केली. एका रात्रीत लक्षावधी माणसे रुग्ण ठरली, त्यांच्या शरीरात मात्र त्या रात्री काहीच बदलले नव्हते. नियमन ही सलग प्रक्रिया असते. रेषा माणसे ओढतात. अशा रेषा निरुपयोगी नसतात, परंतु त्या निसर्गाने आखलेल्या आहेत असे समजू नये.

तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. 'शरीर सांभाळून घेते' हा विचार समाजाच्या सोयीचा ठरू शकतो. शरीर सांभाळून घेते म्हणून उन्हाच्या वेळा बदलायच्या नाहीत, सावली द्यायची नाही, असा अर्थ त्यातून काढला जातो. स्वनियमनाचा सिद्धान्त प्रत्यक्षात याच्या विरुद्ध सांगतो : सांभाळून घेण्याची प्रत्येक कृती शिलकीतून खर्च करते आणि शिल्लक मर्यादित असते.

६. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) रोग ही वस्तू नसून प्रक्रिया आहे, आणि तिची व्याख्या शरीराच्या प्राकृत स्वनियमनाच्या संदर्भातच अर्थपूर्ण ठरते.

२) हे नाते चार प्रकारचे असते : मूल्य बदलूनही नियमन शाबूत असणे (ताप), नियमन कोलमडणे (उष्माघात), नियमनाचा अतिरेक होणे (विंचूदंश) आणि नियमनाची मूळ मांडणीच परिस्थितीशी विसंगत ठरणे (मधुमेह).

३) एकच लक्षण दोन भिन्न प्रक्रियांतून उद्भवू शकते, म्हणून उपचार लक्षणावर न ठरता प्रक्रियेवर ठरावा.

४) आरोग्य म्हणजे सरासरीत असणे नव्हे, तर नवा समतोल साधण्याची शिल्लक क्षमता असणे होय.

५) प्राकृत प्रक्रियेला विकृती ठरवणे आणि विकृतीला 'नेहमीचे' मानणे, या दोन्ही चुकांची किंमत प्रामुख्याने श्रमिक, त्यातही स्त्रिया मोजतात.

वर्गात समस्थिती शिकवताना आपण बहुधा वातानुकूलन यंत्राचे उदाहरण देतो. आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या घरी ते यंत्र नसते. त्याऐवजी हुडहुडी भरलेल्या माणसाची गोधडी, भिजवलेले लुगडे आणि विंचू चावलेल्या मुलाचे थंड पडलेले हात ही उदाहरणे दिली, तर विद्यार्थ्याला सिद्धान्तही कळेल आणि प्रसंगी घरातील एखादे माणूसही वाचेल. विकृतीची व्याख्या नेमकी करण्याचे प्रयोजन याहून वेगळे असू नये.